गळा बदलतो तशी साखळी बदलते
सोन्याच्या साखळीचा साडेचार हजार वर्षांचा प्रवास आणि आपल्या कारागिरांपुढचा प्रश्न

सराफाच्या दुकानात हार, ठुशी, नेकलेस हा लग्नसराईचा माल. बाराही महिने खपणारा माल कोणता, असे विचारले तर कोणताही सराफ साखळीकडेच बोट दाखवील. बारशाला साखळी, साखरपुड्याला साखळी, मुलगी नोकरीला लागली तर पहिल्या पगारातून साखळी. हातात चार पैसे आले की सामान्य माणूस प्रथम साखळी घेतो आणि अडचण आली की प्रथम तीच गहाण ठेवतो.

आम्ही कापडाचा धंदा करणारे. साखळीवर लिहिण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. गळ्याची कापणी बदलली की त्या गळ्यावरचा दागिना बदलतो, हे आम्ही तीस वर्षे गल्ल्यावर बसून पाहत आलो आहोत. बंद गळ्याचे ब्लाउज आणि कुर्ते चालू झाले की लांब साखळ्या निघतात. गळा खोल झाला की आखूड साखळीला भाव येतो. शिंपी आणि सोनार एकमेकांना विचारून काम करत नाहीत, तरी त्यांची कामे जुळतात. हाच हिशेब धरून साखळीचा इतिहास वाचला तर आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

उरच्या कबरींतील साखळ्या

इराकच्या दक्षिणेला, आजच्या नासिरिया शहराजवळ, उर या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. लिओनार्ड वूली या इंग्रज संशोधकाने १९२२ ते १९३४ या काळात तेथे उत्खनन केले. राजघराण्यातील लोकांच्या कबरींतून सोन्याचे दागिने निघाले. त्यांत सोन्याच्या विणलेल्या साखळ्याही होत्या. या कबरी इसवी सनापूर्वी सुमारे २६०० ते २५०० या काळातील मानल्या जातात. म्हणजे साखळीचे वय साडेचार हजार वर्षांहून कमी नाही.

या साखळ्यांची घडण पाहण्यासारखी आहे. तारेची लहान कडी करायची, तिची दोन टोके आचेवर एकजीव करायची, मग ती कडी दोन्ही बाजूंनी दाबून लांबट करायची आणि मधोमध दुमडायची. दुमडलेल्या कडीच्या डोळ्यांतून पुढची कडी ओवायची. सगळ्या कड्यांचे जोड आधीच पक्के झालेले असतात, त्यामुळे साखळी विणून झाल्यावर पुन्हा डाग द्यावा लागत नाही. दिसायला ही साखळी गोफासारखी भरीव आणि वळायला रेशमासारखी मऊ. पुढे ग्रीक आणि रोमन सोनारांनी हीच रीत चालवली. जोड लावायला हलकी धातू नाही, म्हणून कस सर्वत्र सारखा, ही या रीतीची मोठी खुबी. पुढे आपल्याला कसाची गोष्ट करायची आहे, म्हणून वाचकांनी हे ध्यानात ठेवावे.

त्या काळी तारही आजच्यासारखी ओढत नसत. पत्र्याची बारीक पट्टी कापून तिला पीळ देत आणि लाटून गोल करत. पोलादी पट्टीच्या भोकांतून तार ओढून ती बारीक करण्याची पद्धत पुष्कळ नंतर रूढ झाली. आपले कारागीर त्या पट्टीला जंतरी म्हणतात. कापडवाल्याला ती परकी नाही. सुरतेची जर, बादला, कलाबत्तू हे सारे ओढलेल्या तारेतूनच निघाले. शालूचा पदर आणि गळ्यातली साखळी या एकाच तारेच्या दोन लेकी आहेत, असे म्हटले तरी चालेल.

एकच शब्द, दोन अर्थ

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. उर्दूत साखळीला जंजीर म्हणतात. कैद्याच्या पायात पडते तीही जंजीर आणि नवरीच्या गळ्यात शोभते तीही जंजीर. तौक या शब्दाचेही तसेच: गुलामाच्या मानेतले कडेही तौक आणि गळ्यातला दागिनाही तौक. भाषेने ही गंमत उगीच केलेली नाही. साखळी घालणारा कोणाचा तरी असतो, हा अर्थ तिला पूर्वीपासून चिकटलेला आहे.

मध्ययुगातील युरोपात तर हे उघडच होते. राजे आणि सरदार आपल्या पदरच्या माणसांना विशिष्ट घडणीची साखळी देत. ती गळ्यात घातली की माणूस कोणाच्या पक्षाचा ते दुरून कळे. इंग्लंडमधील लँकेस्टर घराण्याची इंग्रजी ‘एस’ अक्षरांची साखळी प्रसिद्ध आहे. हान्स होल्बाइन या चित्रकाराने १५२७ मध्ये सर टॉमस मोर यांचे चित्र काढले, त्यात मखमली पोशाखावर हीच साखळी दिसते. काळ्या जाड कापडावर पिवळे सोने उठून दिसते, हे त्या चित्रकाराला जसे कळत होते तसे राजाच्या शिंप्यालाही कळत होते. इंग्लंडच्या शहरांचे महापौर समारंभात गळ्यात मोठी साखळी घालतात, ती या परंपरेची खूण.

त्या काळी कोणी कोणते कापड आणि कोणता दागिना वापरायचा याचे कायदे होते. सोन्याची जाड साखळी कोणालाही घालता येत नसे. अर्थात कायद्याने जे अडवले त्याचीच हौस वाढली. व्यापाऱ्यांच्या हातात पैसा आला, तशा साखळ्या त्यांच्याही गळ्यात आल्या.

साखळी हीच तिजोरी

सोळाव्या शतकात अमेरिका खंडातील सोने-चांदी स्पेनमध्ये येऊ लागली आणि युरोपात सोन्याच्या साखळ्या जाड झाल्या. प्रवासात नाण्यांची थैली बाळगण्यापेक्षा साखळी गळ्यात घालणे सोयीचे. गरज पडली तर एक कडी काढून वजनावर द्यायची. ‘अटोचा’ नावाचे स्पॅनिश जहाज १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ वादळात बुडाले. १९८५ मध्ये त्याचा मुख्य खजिना सापडला. चांदीच्या विटा आणि नाण्यांबरोबर त्या जहाजातून सोन्याच्या लांबलचक साखळ्याही मिळाल्या.

आपल्याकडे काय वेगळे होते? मोहनमाळ, चपलाहार, चंद्रहार, पुरुषांचा गोफ हे दागिने शोभेचे खरेच. पण घरच्या बाईच्या नावावर जमीन नसे, बँकेत खाते नसे, तेव्हा तिची शिल्लक तिच्या गळ्यातच असे. दख्खनी मुस्लिम घरांत काळ्या पोतीचा लच्छा आणि मराठी हिंदू घरांत मंगळसूत्र, दोन्हींत सोन्याच्या तारेचे काम असते आणि दोन्ही एकाच सराफाच्या पेढीवर घडत आली आहेत. आपल्या पुरुषांना शरियतने सोने मना केले आहे, त्यामुळे गोफाची हौस आपल्याकडे नाही. साखळीचे आपले गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः महिलावर्ग.

घड्याळ, पिंचबेक आणि नऊ कॅरेट

अठराव्या शतकात साखळीला नवे काम मिळाले. लंडनच्या ख्रिस्तोफर पिंचबेक या घड्याळजीने तांबे आणि जस्त यांचे असे मिश्रण केले की ते सोन्यासारखे दिसे. त्याचे निधन १७३२ मध्ये झाले, पण त्याचे नाव मिश्रणाला कायमचे चिकटले. रस्त्यांवर लुटारूंची भीती होती, म्हणून प्रवासात पिंचबेकची साखळी आणि घरी सोन्याची, अशी चाल पडली. आजही साखळी ओढून पळणाऱ्यांच्या भीतीने महिला बाजारात जाताना बेंटेक्सची साखळी घालतात. अडीचशे वर्षांत भीतीही तीच आणि उपायही तोच.

पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात मध्यमवर्ग वाढला. १८३०–४० च्या सुमारास बायका कमरेपर्यंत येणारी लांब साखळी घालत आणि तिच्या टोकाला घड्याळ किंवा चष्मा अडकवून कमरपट्ट्यात खोचत. पुरुषांची खिशातल्या घड्याळाची साखळी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. ती वेस्टकोटच्या काजात अडकवायची असे. वेस्टकोट नसता तर ती साखळीही चालली नसती. मनगटावर घड्याळ आले, वेस्टकोट गेला आणि ती साखळीही कपाटात गेली.

याच काळात दोन गोष्टींनी धंदा पालटला. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी विजेने मुलामा चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आणि १८५४ मध्ये इंग्लंडने ९, १२ आणि १५ कॅरेटच्या सोन्याला कायद्याने मान्यता दिली. कमी कसाचे, पण छाप असलेले सोने सामान्य माणसाला मिळू लागले. मग पिंचबेक कोण घेणार? खोटा माल बाजारातून हटवायचा तर कमी किमतीचा खरा माल द्यावा लागतो, हा त्यातला व्यापारी धडा.

जर्मनीतील फोर्झहाइम गावाची हकीकत कारागिरांनी वाचावी. तेथे १७६७ मध्ये राज्यकर्त्याच्या परवानगीने एका अनाथालयात घड्याळे आणि दागिन्यांचे काम सुरू झाले. मुलांच्या हाताला हुन्नर देण्यापासून झालेली ही सुरुवात वाढत गेली आणि ते गाव दागिन्यांसाठी, विशेषतः साखळ्यांसाठी, जगभर ओळखले जाऊ लागले.

शानेल ते हिप-हॉप

विसाव्या शतकात स्त्रियांच्या पोशाखाची कापणी एकदम बदलली. १९२० नंतरच्या दशकात युरोपात कंबर न आवळणारे, सरळ खाली पडणारे झगे आले. सपाट कापडावर उभी रेघ हवी, म्हणून लांब साखळ्या आणि मोत्यांच्या सरी आल्या. पॅरिसच्या गाब्रिएल शानेल यांनी खऱ्या मोत्यांबरोबर खोटे मोती आणि मुलाम्याच्या साखळ्या बिनधास्त वापरल्या. श्रीमंत बायकाही नकली दागिना मिरवू लागल्या. फेब्रुवारी १९५५ मध्ये याच शानेल यांनी साखळीच्या पट्ट्याची पर्स काढली. ती खांद्याला अडकवली की हात मोकळे. साखळी गळ्यातून खांद्यावर आली, पण फॅशन तीच.

१९७० च्या दशकात पुरुषांची पाळी आली. आमच्या धंद्यातील जुन्या मंडळींना टेरिकॉटचे आणि नायलॉनचे मोठ्या कॉलरचे शर्ट आठवतील. वरची दोन-तीन बटणे उघडी ठेवायची आणि आत साखळी दिसली पाहिजे. डिस्कोच्या त्या जमान्यात अमेरिकेपासून मुंबईपर्यंत हीच तऱ्हा होती.

त्यानंतर न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतील काळ्या तरुणांनी साखळीला नवा अर्थ दिला. कर्टिस ब्लो या गायकाच्या १९८० च्या अल्बमवर त्याच्या उघड्या छातीवर सोन्याच्या साखळ्या आहेत. रन-डीएमसी या मंडळीने दोरासारख्या पिळाच्या जाड साखळ्या लोकप्रिय केल्या. १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘ए-टीम’ मालिकेतील मिस्टर टी गळ्यात साखळ्यांचा ढीग घालीत. आपल्या पूर्वजांना गुलाम करून लोखंडी साखळ्यांत आणले गेले, त्याची ही आठवण आहे, असे ते सांगत. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने लोकांची घरे गेली, तेव्हा लोकांच्या दुःखापुढे हे शोभत नाही म्हणून त्यांनी साखळ्या उतरवल्या. जंजीर या शब्दातील बेडी आणि दागिना येथे एकाच माणसाच्या गळ्यात एकत्र आले.

इटलीची यंत्रे

फॅशन न्यूयॉर्कची असली तरी साखळ्या पुष्कळदा इटलीच्या होत्या. आरेत्सो आणि विचेन्झा ही दोन शहरे या धंद्याची केंद्रे. आरेत्सोचा ‘ऊनोआएर्रे’ हा कारखाना १९२६ मध्ये निघाला. तार एका बाजूने यंत्रात जाते. यंत्र ती कापते, वळवते, आधीच्या कडीत ओवते आणि मिटवते. जोडासाठी तारेच्या पोटातच डागाची धातू भरलेली असते. साखळी भट्टीतून गेली की सर्व जोड एकदम लागतात. हाताने जे काम दिवसभर चालते ते यंत्र थोड्या वेळात उरकते.

पोकळ साखळीची युक्तीही समजून घ्यावी. लोखंडाच्या किंवा तांब्याच्या तारेवर सोन्याचे पातळ वेष्टण चढवतात, त्या तारेची साखळी करतात आणि ती तेजाबात टाकतात. आतली हलकी धातू विरघळून जाते, वर सोन्याची नळी राहते. दिसायला २० ग्रॅमची वाटते, वजनात त्याहून पुष्कळ कमी. गिऱ्हाईक खूश. पण अशी साखळी चेपली तर सरळ होत नाही आणि तुटली तर जोडणे अवघड. हा माल वाईट नाही; मात्र पोकळ आहे हे गिऱ्हाइकाला सांगून विकला पाहिजे.

आपल्याकडची गोष्ट

भारतात यंत्राची साखळी उशिरा वाढली, त्याला कायदा कारण झाला. चीनशी युद्ध झाल्यानंतर जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात सोने नियंत्रणाचे नियम आले. १४ कॅरेटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. आपल्या लोकांना २२ कॅरेटची सवय. १४ कॅरेटला गिऱ्हाईक मिळेना. देशभर सोनारांचे हात रिकामे झाले, अनेकांनी पिढीजात काम सोडले, काहींनी जीव दिला. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, पण १९६८ च्या कायद्याने परवाने, नोंदवह्या आणि सोने बाळगण्याच्या मर्यादा कायम ठेवल्या. तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

त्यानंतर धंदा मोकळा झाला. मुंबईच्या झवेरी बाजारात पश्चिम बंगालचे कारागीर मोठ्या संख्येने आले. त्यांत आपले मुस्लिम बांधवही पुष्कळ. बारीक नक्षी आणि तारकामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. चांदीत कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीचे नाव घ्यावे लागते. तेथे घरोघरी कडी जोडण्याचे काम चालते आणि पैंजण देशभर जातात. पण कारखान्याची साखळी आली तशी साध्या साखळीवर पोट भरणाऱ्या कारागिराची मजुरी खाली आली. जे काम यंत्र करते त्याच कामात यंत्राशी स्पर्धा करून माणूस जिंकत नाही, हे आपण यंत्रमागाच्या काळात हातमागवाल्यांचे पाहिले आहे.

डागाचा हिशेब

आता कसाची गोष्ट. साखळीत जोड फार. प्रत्येक जोडाला डाग लागतो आणि डागाची धातू सोन्याहून आधी वितळली पाहिजे, म्हणून ती कमी कसाची असते. समजा १० ग्रॅमची साखळी आहे. त्यात साडेनऊ ग्रॅम सोने ९१६ कसाचे आणि अर्धा ग्रॅम डाग ६०० कसाचा. शुद्ध सोने झाले ८.७० अधिक ०.३०, म्हणजे ९ ग्रॅम. कस उतरला ९०० वर. गिऱ्हाइकाने पैसे दिले ९१६ चे, म्हणजे ०.१६ ग्रॅम शुद्ध सोने गेले. १० ग्रॅम शुद्ध सोन्याला एक लाख रुपये धरले तर हे १,६०० रुपये होतात. १९९० मध्ये १० ग्रॅमचा भाव तीन-साडेतीन हजारांच्या आसपास होता, तेव्हा हा फरक कोणी मोजत नसे. २०२५ मध्ये भाव लाखाच्या पार गेला, तेव्हापासून गिऱ्हाईक मोजते.

यावर उपाय म्हणून के.डी.एम. आले. के.डी.एम. म्हणजे कॅडमियमचा डाग. कॅडमियम थोडेसे मिसळले तरी डाग लवकर वितळतो, त्यामुळे सोन्याचा कस फारसा उतरत नाही. दुकानांवर ‘के.डी.एम. दागिने’ अशा पाट्या लागल्या. गिऱ्हाइकाचा फायदा झाला, पण किंमत कारागिराने मोजली. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते. डाग देताना आच त्याच्या वर जाते आणि धूर निघतो. तो धूर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे खराब करतो. १९९३ मध्ये जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने कॅडमियमला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरले. कोंदट खोलीत दहा-बारा कारागीर मांडी घालून बसलेले, खिडकी बंद, कारण पंख्याच्या वाऱ्याने आच हलते आणि सोन्याचा कीस उडतो. अशा खोलीत तो धूर कोठे जाणार?

भारतीय मानक ब्युरोने २००० मध्ये सोन्याचे हॉलमार्किंग सुरू केले. १६ जून २०२१ पासून ते २५६ जिल्ह्यांत सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हॉलमार्कच्या मानकात कॅडमियमच्या डागाला जागा नाही. जस्त, इंडियम यांचे डाग आणि लेसरचा जोड हे पर्याय उपलब्ध आहेत. तरीही के.डी.एम. म्हणजे उत्तम सोने, असा समज गिऱ्हाइकांत टिकून आहे. सराफ बांधवांनी तो दूर केला पाहिजे. के.डी.एम. हे डागाचे नाव आहे, कसाचे नव्हे. कस ९१६ या आकड्यावर पाहायचा.

करायचे काय?

कारागीर बांधवांना आमची विनंती आहे की जेथे कॅडमियम वापरले जात असेल तेथे ते आजच बंद करावे. मालक नाही म्हणाला तर चार कारागिरांनी मिळून सांगावे. खोलीत धूर ओढणारा पंखा बसवायला लागणारा खर्च एका लहान साखळीच्या किमतीहून कमी आहे. ज्याच्या फुप्फुसांतून चाळीसाव्या वर्षीच दम निघून गेला, त्याच्या मुलाबाळांना आपण बरकतीच्या कोणत्या गोष्टी सांगणार?

दुसरे, साध्या साखळीत यंत्राच्या मागे धावू नये. उरची दुमडलेल्या कडीची साखळी, गोफाची वीण, पोतीचे तारकाम, जुन्या साखळीची दुरुस्ती ही कामे हाताचीच आहेत आणि त्यांची मजुरी वेगळी मागता येते. घरातल्या मुलाला धंद्यात घालायचे असेल तर त्याला लेसरचा जोड आणि कस तपासण्याची माहिती द्यावी. नुसता वडिलांचा हात पाहून शिकण्याचे दिवस राहिले नाहीत.

तिसरे, सराफांनी पावतीवर वजन, कस, मजुरी आणि साखळी भरीव की पोकळ हे वेगवेगळे लिहावे. गिऱ्हाइकानेही ओळख क्रमांक ब्युरोच्या मोबाइल ॲपवर तपासून घ्यावा. त्याला दोन मिनिटे लागतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावून चोरी करणे हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. साखळी गेली तर फिर्याद देताना पावती हाताशी असली की वजनाचा वाद राहत नाही.

आणि आम्ही कापडवाल्यांनी काय करावे? आपल्या शेजारच्या सराफाशी बोलत जावे. हंगामात कोणता गळा चालणार हे आपल्याला दोन महिने आधी कळते. त्याला कळले तर तो योग्य लांबीचा माल आणील आणि आपल्याकडचे गिऱ्हाईक त्याच्याकडे, त्याच्याकडचे आपल्याकडे येईल. बाजार असाच चालतो. साखळीत एक कडी दुसरीला धरून असते. जोड कच्चा असेल तर वजन कितीही असो, ती तुटायची ती तेथेच तुटते.